वाचकांचे प्रश्न: उसने नायक, उसनी विश्वे

प्रश्न: खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेच्या कॉमिक्सचा गठ्ठा मिळाला. एकात ब्रिटिश टीव्हीवरचा कालप्रवासी डॉक्टर हू भेटतो, दुसऱ्यात सुपरहिरो ग्रीन लँटर्न, तिसऱ्यात ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटातले वानर. पहिल्या भेटीने हरखून गेलो. तिसरे कॉमिक निम्म्यातच मिटले. दोष माझा की कॉमिक्सचा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: दोष बहुतांशी कॉमिक्सचा आहे. दोन ओळखीची विश्वे समोरासमोर आली की एकाचे नियम दुसऱ्यात टिकतात का, हे पाहण्याची उत्सुकता असते. मात्र परवाना घेऊन काढलेल्या कॉमिक्समधली पात्रे प्रकाशकाची नसतात, आणि शेजाऱ्याचे भांडे पोचा न पाडता परत करावे, तशी ती शेवटच्या पानावर होती तशी परत करावी लागतात. २०१२ साली आयडीडब्ल्यू या प्रकाशकाने काढलेल्या ८ अंकांच्या मालिकेत डॉक्टर हू ‘स्टार ट्रेक’मधल्या ‘एंटरप्राइझ’ यानावर येतो, कारण ‘स्टार ट्रेक’चे शत्रू बोर्ग आणि डॉक्टरचे शत्रू सायबरमेन यांनी हातमिळवणी केलेली असते. दोघांचाही उद्योग माणसाचे यंत्र करण्याचा. मग एकामुळे दुसऱ्याविषयी नवे काय कळणार?

याउलट, डार्क हॉर्स या प्रकाशकाने १९८९ साली चित्रपटांतला राक्षसी एलियन आणि परग्रहावरचा शिकारी प्रेडेटर यांची गाठ घालून दिली, तेव्हा दोन्ही पात्रांचे हक्क एकाच चित्रपट कंपनीकडे होते. शिवाय त्या कथेसाठी माचिको नोगुची ही वसाहतीची प्रशासक नव्याने घडवलेली होती. तिचे काहीही करायला लेखक मोकळे होते, आणि त्यांनी ते केलेही: तिच्या कपाळावर एलियनच्या आम्लरक्ताने प्रेडेटर शिकाऱ्यांच्या टोळीची खूण उमटते आणि पुढे ती त्यांच्याबरोबरच शिकारीला निघते. ते यश पाहून बॅटमनपासून जज ड्रेडपर्यंत अनेकांच्या दारी एलियन किंवा प्रेडेटर येऊन गेले, कारण एका मुखपृष्ठावर दोन चाहतेवर्ग गिऱ्हाईक म्हणून मिळतात. (२०१५ साली प्रेडेटर विनोदी कॉमिक्समधल्या शाळकरी आर्चीच्या रिव्हरडेल गावातही पोचला, तिथे मात्र मंडळी खरोखरच मरतात, म्हणून आम्हाला तो प्रकार आवडला.)

तुम्ही मिटून ठेवलेले वानरांचे कॉमिक मात्र पुन्हा उघडावे. त्यात ‘स्टार ट्रेक’मधले लढवय्ये क्लिंगॉन गोरिलांना शस्त्रे पुरवतात, वानरांच्या जगात अडकलेला अंतराळवीर टेलर ‘एंटरप्राइझ’चा कप्तान कर्क याच्याकडे मदत मागतो आणि परक्या संस्कृतीत ढवळाढवळ न करण्याच्या नियमाने कर्कचे हात बांधलेले असतात. ग्रीन लँटर्नचे कॉमिक रद्दीत गेले तरी चालेल.