गुडघा बदलल्यानंतर व्यायाम किती?

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईचा गुडघा दोन महिन्यांपूर्वी बदलला. हाडे ठिसूळ असल्याने ती व्यायाम टाळते आणि गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहते. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. उशीमुळे गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो; त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, मांडीचा स्नायू आवळत गुडघा गादीकडे दाबावा आणि पाच आकडे मोजून सैल सोडावा. सांधा धातूचा असला, तरी तो ज्या हाडांत बसवला आहे ती जिवंत असतात व भार पडल्यानेच बळकट राहतात, म्हणून सर्जनांच्या सल्ल्याने रोज चालणे हवेच. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती हे सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर सहसा भागत नाही. औषधांविषयी डॉक्टरांना विचारा. न्हाणीघरात हाताला आधाराची दांडी मात्र आजच बसवून घ्या.