पंचमहासरोवरे हिमनद्यांनी खोदली, तर सुपीरियर इतके खोल आणि ईरी इतके उथळ का?

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरे एकाच बर्फाने खोदली, तरी त्यांच्या खोलीत एवढी तफावत का, आणि सायबेरियातील बैकल सरोवरही असेच तयार झाले का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ‘हिमनद्यांनी खोदली’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण बर्फाने कोठे किती खोदावे हे तेथील खडकांनी आधीच ठरवून ठेवले होते.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी कॅनडाचा बहुतेक भाग आणि आजच्या पाचही सरोवरांचा प्रदेश लॉरेंटाइड नावाच्या प्रचंड हिमस्तराखाली होता. मुळात या जागी जुन्या नद्यांची खोरी होती आणि बर्फ सखल वाटेनेच पुढे सरकत असल्यामुळे ती खोरी प्रत्येक हिमयुगात अधिकाधिक रुंद व खोल होत गेली. सुपीरियरची कथा मात्र फार जुनी आहे. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी तेथे भूकवच फाटू लागले आणि लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्ट खडकाचे थरांवर थर साचले (सह्याद्रीचे कडे पाहिलेल्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत, जरी आपला बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे). पुढे तो भाग खचला, त्यात वाळूचा खडक साचला आणि हाच तुलनेने मऊ खडक बर्फाने उकरून काढला. सुपीरियरची पाणपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंचीवर आहे, तर कमाल खोली ४०६ मीटर आहे. म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही २२० मीटर खाली जातो. समुद्रापासून इतक्या दूर एवढे खोल खोदणे वाहत्या नदीला शक्य नसते, आणि बर्फाच्या बाजूने मला हाच पुरावा सर्वांत भक्कम वाटतो.

ईरीची कमाल खोली अवघी ६४ मीटर आहे. ते दक्षिणेला असल्याने तेथे बर्फ तुलनेने पातळ होता, शिवाय त्याच्या पश्चिम भागाच्या तळाशी कठीण चुनखडक व त्यासारखाच डोलोमाइट खडक आहे. पूर्वेकडे शेल हा चिखल घट्ट होऊन बनलेला मऊ खडक लागतो आणि सरोवराचा सर्वांत खोल भागही तिकडेच आहे. एकूण उथळ असल्यामुळे ईरीतील पाणी तीनेक वर्षांत बदलते, सुपीरियरमधील पाणी बदलायला मात्र जवळजवळ दोन शतके लागतात.

बैकल या गटात बसत नाही. त्याची १,६४२ मीटर खोली भूकवच ताणले जाऊन तयार झालेल्या खचदरीमुळे आहे, आणि ती दरी आजही रुंदावत आहे.