वाचक विचारतात : घाईत झालेला फ्लॉइड

प्रश्न : पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' या अल्बमला (१९७२) समीक्षकांनी घाईचं काम म्हणून फारसं जवळ केलं नाही, असं ऐकतो. ते कितपत रास्त? शिवाय जुनी एलपी घ्यावी की नवी आवृत्ती?

उत्तर : घाई झाली होती, यात वाद नाही. बार्बे श्रोडर यांच्या 'ला व्हॅले' चित्रपटासाठी बँडने पॅरिसजवळच्या शातो देरूव्हिल स्टुडिओत फेब्रुवारीअखेर आठवडाभर आणि मार्चअखेर पाच दिवस काम केलं. मधे जपानचा दौरा उरकला. चित्रपटाचा कच्चा कट बघायचा, स्टॉपवॉच लावून प्रसंगांची लांबी टिपायची आणि त्या मापाचं संगीत करायचं, अशी पद्धत. खरं तर एकमेकांत मिसळता येतील असे तुकडे पुरेसे होते. झाली मात्र दहा रचनांची, चाळीस मिनिटांची तबकडी.

समीक्षकांची पंचाईत तुलनेमुळे झाली. आदल्या वर्षीच्या 'मेडल' अल्बममध्ये 'एकोज' या एकाच रचनेने २३ मिनिटांची अख्खी बाजू व्यापली होती. इथे प्रत्येक रचना सहा मिनिटांच्या आत. त्यात मार्च १९७३ला 'द डार्क साइड ऑफ द मून' आला आणि हा अल्बम मागे पडला तो पडलाच. विक्रीचं चित्र मात्र वेगळं : ब्रिटनमध्ये सहावा क्रमांक, अमेरिकेत ४६वा, म्हणजे तिथला त्यांचा तोवरचा सर्वांत वरचा.

'भरतीचा माल' हा आक्षेप काही ठिकाणी लागू पडतो. 'द गोल्ड इट्स इन द...' कुठल्याही बँडचं वाटेल, आणि 'मडमेन' ही 'बर्निंग ब्रिजेस'चीच चाल, शब्द वगळून. पण 'फ्री फोर' नीट ऐका. टाळ्यांच्या ठेक्यावरची हसरी चाल, आणि शब्द म्हातारपणाचे, मरणाचे, युद्धात गेलेल्या बापाचे. हे शब्द लिहिणाऱ्या, बँडच्या रॉजर वॉटर्सचे वडील १९४४मध्ये अँझिओच्या लढाईत मारले गेले. बँडच्या 'द वॉल' (१९७९) अल्बमचा मोठा धागा इथे सात वर्षं आधीच सापडतो. हे ज्यांच्या कानावरून गेलं त्यांनी घाई केली, बँडने नव्हे!

आता खरेदी. पहिल्या ब्रिटिश छपाईच्या वेष्टनाचे कोपरे गोलाकार असतात, त्यामुळे विक्रेते भाव चढवून सांगतात. कोपऱ्यांपेक्षा आवाज तपासा. पहिली बाजू व्हीसीएस ३ सिंथेसायझरच्या खालच्या, संथ घुमण्याने सुरू होते आणि दुसरी संपते पापुआ न्यू गिनीच्या मापुगा लोकांच्या गायनावर; तिथे वाद्यं थांबलेली असतात. या दोन जागी झाकायला काही नसल्यामुळे ओरखड्यांची चरचर लगेच उघडी पडते. दुकानात निदान एवढे दोन तुकडे वाजवून घ्याच. २०१६च्या 'द अर्ली इयर्स' संचातली आवृत्ती नव्याने मिक्स केलेली आहे, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातले वेगवेगळे आवाज पुन्हा जुळवलेली. ती जरूर ऐका, पण १९७२च्या समीक्षकांचा न्यायनिवाडा करायचा असेल तर जुनं मिक्सच लावा.