तंबाखू नाही, नुसती सुपारी: मग घाम का फुटला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. जेवणानंतर तंबाखूशिवाय नुसती सुपारी चघळली तर काय बिघडतं, आणि पहिल्याच खांडाला कानशिलं तापून दरदरून घाम का फुटला? दुसऱ्याचं उत्तर दिलं की पहिल्याचं निम्मं आपोआप मिळतं.

तुम्हाला सुपारी लागली. 'कच्ची असेल, पुढच्या वेळी चिकणी घे' असा सल्ला एव्हाना मिळालाही असेल. पण चिकणी असो वा भाजकी, लागतं ते सुपारीतलं अरेकोलीन. मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलीनची ते नक्कल करतं. त्यामुळे लाळ सुटते, घाम येतो, आतडी हलतात, छातीत धडधडतं आणि डोकं तरतरीत होतं. सुपारीने अन्न पचतं हा जुना अनुभव खोटा नाही, फक्त तो औषधी द्रव्याचा परिणाम आहे. सवय जडली की घाम येईनासा होतो. तरतरीची ओढ मात्र राहते, आणि सुपारी सोडली की डोकं दुखतं, चिडचिड होते.

विड्यातला चुना निव्वळ चवीपुरता नसतो. क्षारामुळे अरेकोलीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून चटकन रक्तात जातं. पापुआ न्यू गिनीत पानाऐवजी त्याच वर्गातल्या वेलाचा लांबट फुलोरा चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावतात. पान बदललं, चुना नाही सुटला! पिंक लाल होते तीही सुपारी-कातातल्या तुरट द्रव्यांवर चुना पडल्यामुळे.

जंतांवर सुपारी देत, हे खरं. कुत्र्यांच्या पट्टकृमींसाठी पशुवैद्यही विसाव्या शतकात अरेकोलीनचा क्षार वापरत. कृमी लुळे पडतात आणि जुलाबावाटे बाहेर येतात. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं. सुपारीने दात घट्ट होतात असंही म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. वर्षानुवर्षं कठीण खांडं फोडून दात झिजतात, तडकतात आणि काळे पडतात. आयुर्वेदाचा दाखलाही अर्धाच दिला जातो. शिजवलेली सुपारी त्रिदोष घालवते असं भावप्रकाशात आहे, हे सगळे सांगतात. ओली सुपारी जड, अग्नी मंद करणारी आणि दृष्टीला वाईट, हे त्याच्याच शेजारी लिहिलेलं आहे.

आता 'नुसती' या शब्दाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू घातलेल्या विड्याला कर्करोगकारक ठरवलं होतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या खंडात तंबाखूविना विडा आणि खुद्द सुपारी ही दोन्हीही पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात गेली. कर्करोगाच्या आधी अनेकांना गाठतो तो तोंडातला तंतुमय घट्टपणा, सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाखाली कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचत जातं, ते विरघळत नाही, आणि तोंड उघडेनासं होतं.

मी सोळा वर्षं नुसतीच खात होतो, तंबाखूला कधी हात लावला नाही. सुरुवातीला फक्त तिखट झोंबायला लागलं, मी तोंड आलंय म्हणून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत बसलो. मग जांभई देताना गाल ओढल्यासारखा वाटायचा. दाताच्या डॉक्टरांनी बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तर तिसरं बोट काही केल्या जाईना. सुपारी सोडून सहा वर्षं झाली. झोंबणं बरंच कमी झालं, तोंड मात्र आजही दोनच बोटं उघडतं.

तुम्ही आत्ताच आरशासमोर तीन बोटं उभी घालून बघा. सहज जात असतील तर सुपारी इथेच थांबवा. अडत असतील, किंवा गालाच्या आत पांढुरके, दोरीसारखे पट्टे हाताला लागत असतील, तर याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे जा, आणि किती वर्षं खाताय ते खरं सांगा. मी पहिल्या भेटीत निम्मीच सांगितली होती.