सामानात काय नेऊ, असं विचारलंस

कोल्हापूर
शनिवार, दुपार

लेकी, सलाम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर तू विचारलंस, "काकू, मलावीला जाताना सामानात काय नेऊ?" माझ्या हातात चहाची किटली, मागं रांग, म्हणून "लिहून देते" म्हटलं. आता हे पेपर तोंडावर घेऊन झोपलेत, तर बसले लिहायला.

कुकर ने. तीन लिटरचा, आणि त्याच्या दोन रिंगा जादा. आम्ही दोघं तिथं, आफ्रिकेत, हॉस्पिटलात कामाला होतो तेव्हा आमची रिंग चौथ्या महिन्यात गेली आणि पुढं कोल्हापूरहून कुणी येईपर्यंत घेवडा कोळशाच्या शेगडीवर तीन-तीन तास रटरटत ठेवायची वेळ आली. कांदा-लसूण मसाला मात्र पाव किलोच्या वर नेऊ नकोस. आम्ही तीन किलो नेला होता. कुणाकडं जेवायला गेलो की ह्यांच्या खिशात पुडी! यजमानीण न्सिमा वाढतेय (मक्याच्या पिठाची घट्ट उकड समज, हातानं गोळा करून कालवणात बुडवून खायची) आणि हे हळूच पुडी सोडतायत. पायावर पाय दिला तरी ऐकायचे नाहीत. पुढं एकदा मी शेजारणीच्या चुलीपाशी बसले होते, तर तिनं उखळात शेंगदाणे कुटले आणि भोपळ्याच्या पाल्यात घातले. कूट! आपण कशात घालत नाही ते! ह्यांना बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून पुडी घरी राहिली.

माझी आजी मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून आपल्या गावानं हे गोरे पाहुणे बघितलेत. ते काय खातात, कसं बोलतात, नोकराला हाक कशी मारतात. आजी दोन मडमांच्या गोष्टी सांगायची. एकीचं मराठी पुस्तकासारखं शुद्ध, पण ती साखरेचे चमचे मोजायची आणि डबा कुलपात ठेवायची. दुसरीला क्रियापदं कधी जमली नाहीत, "मी आला, तू बसला" असंच चालायचं. पण ती आजीशेजारी पाटावर बसून ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढत, आणि परत मागायची. पहिलीनं शाळा चालवली, किती मुली शिकल्या, माझी आईही त्यातलीच. तरी आजी नाव काढायची ते दुसरीचं. हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. तू एवढं धरून चाल, की तिकडंही तुझ्याकडं कुणाची तरी आजी बघत असणार.

आणि तिथल्या लोकांना शुभवर्तमान सांगायला निघाले, असं कुणापाशी बोलू नकोस. स्कॉटिश मिशनरी तिथं १८७५ सालीच पोचले होते. आपल्या पंचेचाळीस मिनिटांच्या एवढ्याशा उपासनेला तिथं कुणी उपासना म्हणणार नाही.

बोली चिचेवा. "मुली ब्वांजी?" म्हणजे कशा आहात. पहिल्या दिवशी मला वाटलं पोरींना बोलावतायत, मी मागं वळून बघितलं. उत्तर द्यायचं, "न्दिली ब्विनो, काया इनु?" मी बरी, तुम्ही? हे झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. मी तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, खाटेजवळ गेले की थेट "ताप कधीपासून?" पेशंटचं तोंड मिटायचं. एका तरुण सिस्टरनं बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. पण सावध राहा, मरणाला टेकलेला माणूसही "ब्विनो"च म्हणतो, आपल्याकडच्या "बरं हाय"सारखं. म्हणून दुसऱ्यांदा विचारायचं, आणि ते बसून.

दुसरी चूक मोठी. राउंडच्या आधी वॉर्ड मोकळा पाहिजे म्हणून मी सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढलं, इथं काढत आले तसंच. मेट्रन काही बोलल्या नाहीत. तासाभरानं शांतपणे म्हणाल्या, "चार नंबरच्या बाईची कूस आता कोण बदलणार, तुम्ही?" तिथं प्रत्येक पेशंटबरोबर घरचं माणूस असतं, त्याला गार्डियन म्हणतात. धुणं, अंघोळ, जेवण, लघवीचं भांडं, सगळं त्याच्याकडं. आवारात त्यांच्यासाठी शेड, तिथं चुली. मी मिरजेला शिकत होते तेव्हा तीन दगडांवर शिजणारा नातेवाइकांचा भात रोज बघत होते. सिस्टरची टोपी चढली आणि विसरले.

ह्यांची गंमत निराळीच. उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलेलं, तर चौदा किलोची हत्यारांची पेटी घेऊन निघाले, गावोगावचे हापसे दुरुस्त करणार म्हणून. तिथं आफ्रिदेव नावाचा हापसा असतो. त्याची रचनाच अशी, की एका पान्यानं खोलतो आणि पाइप न काढता वरूनच रॉड ओढून सील बदलता येतं. पाणी समितीतल्या बायकांनी ह्यांच्या देखत काम उरकलं, ह्यांना नुसते रॉड धरायला उभं केलं. आपला इंडिया मार्क टू हापसा सोलापूरच्या पंपावरून घडला, हे सांगायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं. मग दोन वर्षं हॉस्पिटलच्या ट्रॉल्यांची चाकं आणि खाटांची हँडलं केली. त्याला खरंच कुणी नव्हतं.

संध्याकाळी सहाला अंधार, वीज बेभरवशाची. लग्नाला अडतीस वर्षं झालेली, पण मी नाइटला आणि हे दिवसपाळीला, इतका वेळ समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातल्या पहिल्याच महिन्यात एका सोलरच्या दिव्यावरून आमचा तीन दिवस अबोला. घड्याळ साडेतीन तास मागं, जेवून फोन करावा तर इथं नातू झोपलेला. तू एकटी चाललीस, तर फोनचे दोन वार ठरवून घे. रोज बोलत बसलीस तर मन कोल्हापुरातच राहील.

उसने पैसे देऊ नकोस. जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपलेला असतो आणि नवा अजून शेतात उभा, तेव्हा दारात माणसं येतात. आम्ही एका शेजाऱ्याला दिले, ते फिटेनात, आणि तो बिचारा लाजेनं आमच्या दारावरून जायचा बंद झाला. जमेल तेवढं देऊन टाक, नाहीतर पाळकांच्या बायकोला सांग. कुणाची चूल खरंच थंड आहे ते तिला माहीत असतं.

आठव्या महिन्यात ह्यांना मलेरिया झाला. उकडतं म्हणून मच्छरदाणी वर टाकून झोपायचे. चार दिवस आमच्याच हॉस्पिटलात, आणि मी कोण, तर गार्डियन. चटई घेऊन खाटेखाली. पहाटे पेज करायला शेडमध्ये गेले, तर सगळ्या चुली धरलेल्या. मी पातेलं घेऊन उभी. काही महिन्यांपूर्वी ह्याच बायकांना मी हात हलवून बाहेर काढलं होतं, त्यातली कुणी होती की नाही कोण जाणे. एका म्हातारीनं आपलं भांडं सरकवलं, काटकीनं चार निखारे माझ्या बाजूला ओढले आणि जमिनीवर थाप मारली. "अमायी," म्हणाली. आई. बस. माझी पेज उतू जायला लागली तेव्हा कमरेच्या चितेंजेच्या (तिथल्या बायका गुंडाळतात ते कापड) टोकानं तिनंच झाकण उचललं. मी "झिकोमो" म्हटलं, ओंजळीनं हलकी टाळी वाजवत, तिथल्या रीतीनं. तीन पहाटा आम्ही एकाच विस्तवावर रांधलं. तिचा नातू आत होता. चौथ्या दिवशी तिची जागा मोकळी होती. मी कुणाला विचारलं नाही.

चितेंजे इथून न्यायला नको, बाजारात मिळतं. दोन मीटर घे. झाकण उचलायला, चुंबळ करायला, पावसात डोक्यावर घ्यायला, सगळ्याला होतं. माझं एक जुनं आहे, हळदीचा डाग पडलेलं. ते दाखवीन, देणार नाही.

बुधवारी ये. कुकर बरोबर आण, म्हणजे महाद्वार रोडला जाऊन मापाच्या रिंगा घेऊ.

तुझी,
काकू