अंगण, गच्ची आणि घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गॅलरीत तीन वर्षांपासून पारिजातक आहे. पानं भरगच्च, पण फूल एकही नाही. सासूबाईंना देवपूजेला ही फुलं फार आवडतात. काय चुकतंय? (सुदामानगर, इंदूर)

पानं भरगच्च आणि फूल नाही, याची बहुधा तीन कारणं असतात : ऊन कमी, खत जास्त आणि छाटणी चुकीच्या वेळी. पारिजातकाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पूर्वेच्या गॅलरीत दहा-साडेदहालाच ऊन सरकतं, मग झाड नुसतं पानांवर जगतं. शक्य असेल तर कुंडी गच्चीवर न्या. शेणखत कच्चं असेल किंवा युरिया टाकत असाल तर तेही पानांनाच पोसतं. चांगलं कुजलेलं खत महिन्याला दोन मुठी, तेही जूनपर्यंतच. फुलं नव्या फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, त्यामुळे पावसाळ्यात शेंडे खुडले की त्या वर्षीची फुलंच खुडली जातात. छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करा.

आता मातीकडे बघा, कारण माळव्यात खरी अडचण तिथेच असते. आपली काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली उतरतं. तळाशी ओघळ दिसला की आपल्याला वाटतं झाड भिजलं, आणि मधला गोळा मात्र कोरडाच असतो. पावसाळ्यात उलटं होतं : माती फुगते, चिकटते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून दोन भाग काळी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत असं मिश्रण करा. कुंडी सोळा-अठरा इंचांची घ्या आणि तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. कुंडी बदलायची ती पहिला चांगला पाऊस झाल्यावर. बोट दोन पेरं खोल घालून बघा, आत कोरडं लागलं तरच पाणी द्या.

भाद्रपद-आश्विनात फुलं सुरू झाली की रात्री झाडाखाली जुनी सुती साडी अंथरा. प्लॅस्टिक नको, त्यावर दव साचतं आणि फुलं काळी पडतात. कळ्या संध्याकाळी उमलतात, पहाटे गळतात आणि ऊन चढलं की मलूल होतात, म्हणून वेचणी उजाडताच. खाली पडलेली फुलं देवाला चालतात असं एरवी म्हणत नाहीत, पारिजातकाला मात्र ती मुभा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर साडीची चार टोकं धरून फुलं ताटात ओता आणि ताट त्यांच्यापुढे ठेवा. निवडायचं काम त्यांचं. ही वीस मिनिटं घरातल्या एकाने तरी त्यांच्या शेजारी बसावं, असं आम्ही आवर्जून सांगू.

प्रश्न : उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, पण चिमण्या येत नाहीत, कबुतरंच येतात. (रामबाग, इंदूर)

दाणे टाकत असाल तर ते आधी बंद करा. कबुतरं दाण्यांमागे येतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासातून गेली तर फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. घरात वडीलधारी माणसं असतील तर हे गंभीरपणे घ्या. उरलेले पोहे-शेव तर मुळीच नको, त्यातलं मीठ-तिखट पाखरांना झेपत नाही.

पाण्यासाठी मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दोन-तीन बोटंच खोल असू द्या आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. खोल, गुळगुळीत भांड्याच्या काठावर चिमणीचे पाय टिकत नाहीत. जागा सावलीची हवी, पण मांजर दबा धरेल अशा झुडपापासून सहा-सात फूट लांब. पाणी रोज बदला, आणि आठवड्यातून दोनदा परळ काथ्याने घासून उन्हात वाळवा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, ती साखळी यानेच तुटते. जागा बदलू नका. पाखरांना ती ओळखीची व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

प्रश्न : संध्याकाळी घरात प्रत्येक जण आपापल्या मोबाईलवर. नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन गच्चीवर काय करता येईल? (राजेंद्रनगर, इंदूर)

चंद्राची वही करा. कॅलेंडरात शुद्ध द्वितीया बघा आणि त्या दिवशी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. बारीक कोर दिसेल. नीट पाहिलं तर तिचा काळोखा भागही अंधूक उजळलेला असतो. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. नातवाला वहीत शेजारची पाण्याची टाकी आणि चंद्र, दोन्ही काढू द्या. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, गच्चीचा तोच कोपरा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश मोजते, आणि चंद्र रोज मुठीपेक्षा थोडा जास्त पूर्वेकडे सरकलेला सापडेल. अष्टमीला सूर्यास्तावेळी तो दक्षिणेकडे उंच असतो, पौर्णिमेला थेट पूर्वेला उगवताना दिसतो.

पौर्णिमेनंतर तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि इथेच मुलं कंटाळतात. तेव्हा वेळ बदला : सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट बघताना तो पश्चिमेला शोधायचा. उत्तर आधी सांगू नका. नातू चुकला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, आकाशच त्याला दुरुस्त करेल.

प्रश्न : आजी-आजोबांना घेऊन सिरपूर तलावावर कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत. सिरपूर आणि यशवंतसागर हे इंदूरचे दोन्ही तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. सूर्य पाठीशी येईल असे बसा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील. घडीचं स्टूल, शाल आणि 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) एकच दुर्बीण पुरे. पाव-शेव टाकू नका. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके असलेलं बदक दिसलं तर आजींना त्याचं मराठी नाव ओळखायला सांगा : हळदीकुंकू.