चिया पुडिंग घरी करते, पण गुठळ्या होतात आणि पातळ राहतं. काय करू?

प्रमाण असं ठेवा: दोन मोठे चमचे चियाला अर्धा कप, म्हणजे साधारण १२० मिली दूध. पिशवीचं दूध तापवून पूर्ण गार करून घ्या. बी भिजली की तिच्याभोवती चिकट थर येतो आणि बिया एकमेकींना धरून तळाशी बसतात, गुठळ्या त्यानेच होतात. म्हणून एकदा ढवळा आणि दहा मिनिटांनी काट्याने पार तळापासून परत ढवळा. ही दुसरी वेळ अजिबात चुकवू नका. मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पातळच वाटलं तर चमचाभर चिया घालून अर्धा तास थांबा.

दुकानातून सब्जा तर आला नाही ना, तेही बघा. तो काळाकुळकुळीत असतो, चिया करडा आणि ठिपकेदार.

फळं खाताना वरून घाला. थंडीत मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते, पण मला विचाराल तर पुरंदरचे पिकलेले अंजीर. मग साखर लागतच नाही. बिनफळाचं पुडिंग फ्रीजमध्ये तीन-चार दिवस छान राहतं. कोरडा चिया मात्र कुणालाच देऊ नका, घशात फुगून अडकू शकतो.